नववं जनावर

पाचपावली, मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
शाळेची भिंत तव्यासारखी,
ब्रश टेकवला की रंग जागीच वाळतो.
खोब्रागडे मॅडमनी यादी दिलेली: जनावरे नऊ.
वाघ मी डोळे मिटून काढतो.
नागपुरात वाघ शटरवर, रिक्षाच्या पाठीवर,
बारशाच्या पत्रिकेवरसुद्धा.
अस्वल, नीलगाय, रानगवा, हत्ती, मगर,
जिराफ, झेब्रा. आठ झाले.
नववं: ओकापी.

"हे काय असते?" मी आम्रपालीला विचारलं.
चौकीदाराची पोर, तिसरीतली,
सुट्टीतही शाळेतच राहणारी.
मॅडमच्या कागदावर बोट ठेवून ती वाचू लागली,
अडखळत:
ओकापी काँगोच्या घनदाट जंगलात राहतो.
पाय झेब्र्यासारखे, नातं जिराफाशी.
"म्हंजे तोंडावळा एकाचा, आडनाव दुसऱ्याचं."
हे कागदात नव्हतं.

जीभ निळसर काळी, जवळजवळ हातभर,
स्वतःचा कान स्वतः चाटता येईल एवढी.
आम्रपालीनं लगेच आपली काढून बघितली.
नाकापर्यंतही पोचली नाही,
पण जांभळं खाऊन आली होती.
मी तोच रंग कालवला.

अंगावर तेलकट मखमल,
पाणी पडलं तर ओघळून जावं अशी.
(माझा सदरा तेव्हा पाठीला चिकटलेला.)
एकटा हिंडतो. शंभर तऱ्हेचा पाला खातो,
नदीकाठची माती खातो,
विजेनं जळालेल्या झाडाचा कोळसासुद्धा.
खुरांमधून डांबरासारखं काही गळतं,
तेवढाच त्याचा पत्ता.
पिल्लू पहिला महिनाभर दडून बसतं,
शीसुद्धा करत नाही,
बिबट्याला वास लागू नये म्हणून.
हे वाक्य आम्रपालीनं तीनदा वाचलं,
तिसऱ्यांदा हसता हसता खालीच बसली.

मग मी मागचे पाय घेतले.
फूटपट्टी लावली, पांढरे पट्टे ओढले,
आडवे, सरळ, एकसारखे.

संध्याकाळी बाबा डबा घेऊन आले.
वीस वर्षं हातमाग, वीस वर्षं पॉवरलूम,
कान तिथंच राहिले.
भिंतीसमोर उभे. बराच वेळ.
"असं नाही बे. हा तं करवती काठ हाये.
सारे दात एका मापाचे काढले
तं काठ मेला."
आणि खडू मागितला.
मांडीवर एक रुंद, खाली दोन बारीक,
एक मधेच तुटलेला.
हात कापतो त्यांचा.
कापला तिथला पट्टा सगळ्यात खरा दिसला.

आम्रपाली वाचत होती:
आई पिल्लाशी इतक्या खोल आवाजात बोलते
की तो माणसाला ऐकूच येत नाही.
बाबा तिच्या ओठांकडं बघत होते.
"काय म्हणते पोट्टी?"
मी हातानंच सांगितलं, काही नाही.
मग काय वाटलं, जोरात ओरडलो,
"अंधाऱ्या रानात आईचे पट्टे पाहत
पिल्लू मागं मागं जाते म्हणे!"
"हो," ते म्हणाले. ऐकू गेलं नसावं.
रिकामा डबा हलवत पुढं निघाले,
मी ब्रश धुऊन मागं.

पुढचे तीन दिवस नुसता हिरवा.
पानावर पान, पानाआड पान,
ओली वाटावीत म्हणून टोकाला पांढरा ठिपका.
मधून मधून उन्हाचे तुकडे टाकले
तसा ओकापी मागं मागं सरकत गेला.
तिसऱ्या दिवशी मलाच
आधी पाय शोधावे लागले, मग पोट, मग डोळा.

महापालिकेचे साहेब आले, स्कूटरवरूनच
पेनानं मोजलं.
"आठ आहेत. बिलात नऊ कसे?"
आम्रपालीनं बोट उचललं होतं.
मी तिच्याकडं बघितलं.
तिनं बोट खाली घेतलं, आणि जीभ दाखवली,
साहेबांना की मला, कळलं नाही.

आठांचे पैसे घेऊन घरी आलो.